रस्ता कुठपर्यंत आला?

दोन सायकलस्वार वाटेत भेटले, की नावगाव विचारण्याआधी एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात, 'पुढे रस्ता कसा आहे?' चढ किती, खड्डे किती, सावली कुठे, पाणी कुठे मिळेल, पंक्चर काढणारा कोणत्या फाट्यावर बसतो, हे सारे त्या एका प्रश्नात येते. गेली तीस-पस्तीस वर्षे मी सायकल चालवीत आलो आहे. सेमिनरीच्या दिवसांत ती गरज होती, पहिल्या नेमणुकीच्या धर्मग्रामात ती सोय झाली आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पथ्य झाली आहे. या काळात हा प्रश्न मी असंख्य लोकांना विचारला आणि असंख्यांनी मला विचारला. सातपुड्याच्या एका कोपऱ्यात मात्र मला निराळाच प्रश्न ऐकावा लागला. त्या प्रश्नाविषयी आज लिहायचे आहे.

निमित्त असे घडले, की आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी येत्या हिवाळ्यात नर्मदेच्या खोऱ्यातून सायकलने जाण्याचा बेत आखला आहे. अलीकडे नर्मदेची परिक्रमाही अनेक मराठी माणसे सायकलने करतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि ती कोठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. पायी चालणारे परंपरेने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस घेत. सायकलवाल्यांना काही आठवडे पुरतात. आमच्या मुलांना परिक्रमा करायची नाही. त्यांना डोंगर, जंगल आणि नदी पाहायची आहे. 'फादर, तुम्हाला तो भाग ठाऊक आहे, मार्ग आखून द्या,' असे ते म्हणाले. मार्ग आखणे सोपे होते. त्याबरोबर जे सांगावयास हवे होते, ते एका कागदावर मावेना.

प्रथम मार्गच सांगतो. नंदुरबारहून भल्या पहाटे निघावे आणि हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून तळोदा गाठावे. येथवर सपाट प्रदेश आहे. पपई, केळी, ऊस, मिरची अशी शेते दोन्ही बाजूंना लागतात. तळोद्याला सातपुडा समोर उभा ठाकतो. येथून अक्कलकुव्यापर्यंतचा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी समांतर जातो. पुढे हाच रस्ता खापरमार्गे गुजरातेत शिरून सागबारा, डेडियापाडा असा अंकलेश्वरकडे निघतो. ज्यांना केवळ अरण्य पाहावयाचे आहे, त्यांनी डेडियापाड्याहून राजपिपळ्याकडे वळावे. शूलपाणेश्वर अभयारण्य त्याच बाजूला आहे. १९८२ साली डुमखल येथे अस्वलांसाठी राखलेल्या जंगलापासून त्याचा आरंभ झाला. आज त्याचे क्षेत्र सुमारे ६०७ चौरस किलोमीटर आहे. साग, बांबू, मोह, धावडा आणि त्यांच्या आडोशाला अस्वल, बिबट्या, चौशिंगा असे हे वन आहे. निनाई आणि झरवाणीचे धबधबे याच परिसरातले. आतल्या वाटांवर जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि दिवस मावळण्याच्या आत बाहेर पडावे.

ज्यांच्या पायांत बळ आहे, त्यांनी मात्र अक्कलकुव्याहून उत्तरेला वळून देवगोईचा घाट चढावा आणि मोलगीला जावे. अंतर फार नाही, पण घाट दमवतो. वळणामागून वळण येते आणि प्रत्येक वळणावर वाटते, की हे शेवटचे. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. वर पोहोचले, की हवा बदलते. डाब परिसरात तर आता स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. हेच डाब आदिवासींच्या याहामोगी मातेचे मूळ स्थान मानले जाते. मोलगीच्या बाजारात भगर, मोहफुले आणि आमचूर येते. जवळच्या काठी गावची राजवाडी होळी पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात. ढोलाच्या तालावर रात्रभर चाललेले ते नृत्य ज्याने पाहिले, तो ते विसरू शकत नाही.

नकाशावर पाहिले तर मोलगीच्या पुढे, वायव्येला, नर्मदेच्या काठी एक ठिपका दिसतो. त्याचे नाव मणिबेली. सायकलचा मार्ग आखताना बोट सहज तेथवर जाते. अरण्य, जलाशय आणि तीन राज्यांच्या सीमांचा परिसर. याहून सुंदर शेवट कोणता? परंतु मणिबेली हा नकाशावर केवळ ठिपका नाही.

माझ्या पिढीच्या सेमिनरीतील मुलांना हे नाव वर्तमानपत्रांतून कळले. १९९२ आणि १९९३ या वर्षांत ते रोज छापून येई. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात जाणारे महाराष्ट्रातले हे पहिले गाव. राज्यातील ३३ गावांना या जलाशयाची झळ बसायची होती. त्यांपैकी नऊ अक्कलकुवा तालुक्यातील आणि चोवीस अक्राणीतील. १९९२ च्या जूनमध्ये जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसनाच्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. १९९३ च्या मार्चमध्ये बँकेच्या उरलेल्या कर्जावर भारताने पाणी सोडले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत नदी शिरली. १९९४ साली ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जपुरवठ्याविरुद्ध एक जाहीरनामा काढला आणि त्याला या गावाचे नाव दिले. 'मणिबेली जाहीरनामा' या नावाने तो जगभर ओळखला जातो. ज्या गावाला धड पायवाट नव्हती, त्याचे नाव असे वॉशिंग्टनला पोहोचले.

गावातली काही कुटुंबे गुजरातमधील परवेट्याला गेली. काही तळोद्याच्या बाजूला आली. तेथे विस्थापितांना वसवण्यासाठी १९९० साली २,७०० आणि १९९४ साली १,५०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. तळोद्याहून अक्कलकुव्याकडे जाताना सोमावल, रोझवा या परिसरात सरळ रेषेत आखलेल्या ज्या वसाहती लागतात, त्या या लोकांच्या. सायकलस्वाराच्या डोळ्यांना ती नुसती शेते आणि घरे वाटतील. त्यांच्या मागे एक बुडालेले जंगल आहे आणि एक तोडलेलेही. आणि काही कुटुंबांनी गाव सोडलेच नाही. पाणी चढले, तशी घरे त्यांनी डोंगरावर वर सरकवली. ते तेथेच राहिले.

२०१७ च्या जानेवारीत मी त्यांना भेटावयास गेलो. डोंगरातील एका शाळेचे मास्तर सोबत होते. मोलगीपासून निघालो तेव्हा दोघेही सायकलवर होतो. काही अंतरावर डांबर संपले आणि खडी आली. खडी संपली आणि लाल मातीची वाट आली. मग चढ-उतार असे आले, की सायकलीने आम्हांला नेण्याऐवजी आम्हीच तिला नेऊ लागलो. शेवटी एका पाड्यावरील घराच्या ओट्याशी दोन्ही सायकली उभ्या केल्या. घरातली बाई पाणी घेऊन बाहेर आली. आम्ही कोण, कुठले, हे तिने विचारले नाही. तिने विचारले, 'रस्ता कुठपर्यंत आला?'

मला वाटले, मास्तरांना ती सहज काही विचारते आहे. तेथून उतरत नदीकाठी गेलो. होडीवाल्याने वल्हे हातात घेता घेता तेच विचारले, 'रस्ता कुठपर्यंत आला?' मणिबेलीत एका म्हाताऱ्या बाबांच्या अंगणात बसलो, तेव्हा त्यांच्याही तोंडी पहिला प्रश्न तोच. जणू आम्ही त्या रस्त्याबरोबरच आलो होतो आणि तो आमच्या मागोमाग दारात यावयाचा होता. आम्ही विचारतो, रस्ता कसा आहे. ते विचारतात, रस्ता कुठपर्यंत आला. पहिला प्रश्न रस्ता असणाऱ्याचा आहे आणि दुसरा नसणाऱ्याचा. या दोन प्रश्नांमधले अंतर मला मोलगीच्या घाटापेक्षा अवघड वाटले.

'पूर्वी कसे जात होता?' मी विचारले.

'आमचा रस्ता होता की,' बाबा म्हणाले. 'नदीच्या अंगानं. धनखेडी, चिमलखेडी, पार पुढपर्यंत. बाया डोक्यावर टोपली घेऊन जायच्या. तो खाली आहे.' आणि त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. निळे, संथ, दूरवर पसरलेले पाणी. प्रवासी वर्णनात त्याला 'नयनरम्य' म्हणतात.

त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची हकीकत त्यांनी सांगितली. रात्री कळा सुरू झाल्या. पहाटे होडी मिळाली. पलीकडे उतरल्यावर बांबूला बांधलेल्या झोळीतून चौघांनी तिला डोंगर चढवले. दुपारी जीप मिळाली. मूल जगले, सूनही जगली. 'सगळ्यांचं असं होत नाही,' एवढेच ते पुढे म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. जे नित्याचे असते, त्याची माणूस तक्रार करीत नाही, नुसते सांगतो. नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी शासनाने तरंगता दवाखाना आणि बोट-रुग्णवाहिका ठेवल्या आहेत. अनेकांचे प्राण त्यांनी वाचविले आहेत, हे सांगणे न्यायाचे आहे. पण होडी काठापर्यंत येते. घर काठावर नसते.

निघताना मी गावाविषयी आणखी एक गोष्ट लिहून घेतली. अक्कलकुवा हा महाराष्ट्र विधानसभेचा क्रमांक एकचा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातील पहिले मतदान केंद्र. म्हणजे राज्याची यादी या गावापासून सुरू होते. मतदान यंत्रे घेऊन कर्मचारी होडीने येतात. मतदान झाले, की होडीने परततात.

येथे मला युरोपातील एक डोंगर आठवतो. रोममध्ये शिकत असताना एका उन्हाळ्यात मी एका सहाध्यायाबरोबर दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या वाऱ्यांनी वेढलेल्या प्रोव्हान्स प्रांतात गेलो होतो. तेथे माँ व्हांतू नावाचा सुमारे १,९१० मीटर उंचीचा एकाकी पर्वत आहे. सायकलस्वारांचे ते तीर्थक्षेत्रच. बेदुआँ, मालोसेन आणि सो या तीन गावांहून तीन रस्ते वर जातात. बेदुआँचा चढ एकवीस किलोमीटरांचा आणि भल्याभल्यांचा घाम काढणारा. १९५१ पासून 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत अधूनमधून या पर्वतावरून जाते आणि १९६७ साली टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू माथ्याच्या थोडे खाली कोसळून मरण पावला. मी सोच्या बाजूने, त्यातल्या त्यात सौम्य रस्त्याने, भाड्याची सायकल घेऊन गेलो. खाली लॅव्हेंडरची जांभळी शेते, मध्ये देवदाराची आणि ओकची राने आणि माथ्यावर पांढऱ्या चुनखडीचा उघडा ढीग.

ही राने मूळची नाहीत. जहाजे बांधण्यासाठी शतकानुशतके झाडे तोडून हा पर्वत बोडका करण्यात आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पुन्हा लागवड झाली. १९९० साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. या प्रकारच्या राखीव क्षेत्राची कल्पना मला फार मोलाची वाटते. गाभ्याचा भाग निसर्गासाठी कडेकोट राखायचा, त्याभोवती सावधपणे वापरायचा पट्टा ठेवायचा आणि त्याबाहेर माणसांची गावे, शेते, मेंढरे, द्राक्षबागा. पण हे सारे मिळून एकच क्षेत्र. माणूस कुंपणाबाहेर उभा केलेला नाही; त्याला हिशेबात धरलेले आहे.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती क्रमाची. व्हांतूच्या माथ्यावर जाणारा रस्ता सायकलस्वारांसाठी बांधलेला नव्हता. तो १८८० च्या दशकात हवामान वेधशाळेसाठी झाला. त्याच्याही आधी पायथ्याच्या गावांना एकमेकांशी जोडणारे रस्ते होते. त्यांवरून वैद्य जाई, टपाल जाई, बाजाराची गाडी जाई. हौशी माणसे आली ती पुष्कळ नंतर. गरज आधी, हौस मागाहून.

सातपुड्याच्या पश्चिम टोकाशी मात्र क्रम उलटला आहे. धरणाच्या भिंतीखालच्या अंगाला ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले. २०२१ च्या जानेवारीत तेथवर रेल्वेही पोहोचली. रुंद, गुळगुळीत रस्ते, फुलझाडे, दिवे. सायकल चालवण्यास याहून सुखाची जागा नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. त्याच भिंतीच्या वरच्या अंगाला, काही किलोमीटरांवर, मणिबेली आहे. २०१७ च्या जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. मी ज्या वाटेने काठाला उतरलो होतो, तिचा खालचा भागही त्यानंतर पाण्यात गेला. भिंतीच्या एका बाजूला रस्ते पाहुण्यांची वाट पाहत आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसे रस्त्याची.

यावर निसर्गप्रेमी मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती म्हणतात, 'रस्ता गेला, की त्याच्या मागोमाग ठेकेदार जातो, लाकडाची गाडी जाते, प्लॅस्टिक जाते. डोंगर अस्पर्श राहू द्या.' रस्त्याने जंगल नासते, हे खरे आहे. सातपुड्यात मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. पण 'अस्पर्श' हा शब्द कोण वापरतो, हेही पाहावे. ज्याच्या दारात रुग्णवाहिका उभी राहते, त्याला दुसऱ्याचा डोंगर अस्पर्श असावासा वाटतो. शिवाय ज्या डोंगराचे खोरेच्या खोरे पाण्याखाली गेले, तो अस्पर्श राहिला आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तेथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोह राखला, बांबू राखला, देवाची राई राखली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क मान्य केला, तो त्यांनी तेथे केव्हाच बजावलेल्या कर्तव्यानंतर. माझे मत विचाराल, तर रुग्णवाहिका जाईल एवढा रुंद रस्ता प्रत्येक पाड्याला हवा. बसगाड्यांच्या रांगा जातील एवढा नको. आणि किती रुंद, कोठून, कोणत्या झाडाला वळसा घालून, हे गावाला विचारूनच ठरावे.

नंदुरबारच्या सपाट प्रदेशात सकाळी दहाच्या सुमारास सायकलींची एक वेगळी रांग दिसते. निळ्या गणवेशातील, दोन वेण्या घातलेल्या मुली शाळेला निघालेल्या असतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. या जिल्ह्यातील खऱ्या सायकलस्वार त्या. त्यांच्याजवळ शिरस्त्राण नाही, गियर नाहीत, कॅरिअरला दप्तर बांधलेले असते आणि पुष्कळदा एक धाकटी बहीणही. सायकलीने त्यांना काय दिले? लग्न दोन-चार वर्षे पुढे ढकलण्याचे बळ दिले, असे एका शिक्षिकेने मला सांगितले. मणिबेलीच्या वयात आलेल्या मुलीला ही सायकल देऊन उपयोग नाही. ती चालवावी कुठे? रस्ता कुठपर्यंत आला, या प्रश्नाचा हाही एक अर्थ आहे.

प्रोव्हान्सच्या त्या पर्वतावर १३३६ साली पेट्रार्क हा इटालियन कवी आपल्या भावाबरोबर चढून गेला होता. त्याने नंतर लिहिलेल्या पत्रात त्याची हकीकत आहे. आम्हांला ते सेमिनरीत शिकवले होते. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने सोबत आणलेले संत अगस्तीन यांचे आत्मनिवेदन उघडले आणि माणसे पर्वत पाहून थक्क होतात, पण स्वतःच्या अंतरंगाकडे पाहत नाहीत, अशा आशयाच्या मजकुरावर त्याची दृष्टी गेली. तो खजील होऊन मुकाट्याने खाली उतरला. हा प्रसंग धर्मगुरूंच्या प्रवचनात नेहमी येतो. मला मात्र त्याच पत्रातील दुसरा माणूस अधिक आठवतो. चढाच्या सुरुवातीला त्यांना एक वृद्ध मेंढपाळ भेटला. त्याने त्यांना वर जाण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आपला अनुभव सांगितला आणि शेवटी वाटही दाखवली. पेट्रार्कचे नाव राहिले, पर्वताचे राहिले. मेंढपाळाचे नाव पत्रात नाही. प्रवासी स्वतःला विसरतो, हे अगस्तीन यांनी सांगितले. तो वाट दाखवणाऱ्यालाही विसरतो, एवढे त्याला जोडावेसे वाटते.

दयाळू शोमरोन्याची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता वाईट होता म्हणून जखमी मनुष्य पडून राहिला नाही. रस्ता चांगलाच होता. त्यावरून लोक वेगाने निघून जात होते. एकजण थांबला आणि त्याने स्वतःच्या जनावरावर दुसऱ्याला बसविले, म्हणजे उरलेली वाट तो स्वतः पायी चालला असला पाहिजे. सायकलची थोरवी मला यातच वाटते. मोटारीतून उतरण्यास निमित्त लागते. सायकलवरून उतरण्यास चढ पुरेसा असतो.

तेव्हा आमच्या तरुणांना मी जो कागद दिला, त्यात मोलगीपर्यंत किलोमीटर लिहिले आहेत आणि मोलगीच्या पुढे काही सूचना. जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि हवेचा पंप बरोबर असू द्या. पाणी भरपूर घ्या. मोलगीच्या पुढे जायचे, तर तेथील कुणा जाणत्याला विचारून, त्याला सोबत घेऊन जा आणि बोलावले तरच जा. जेथे सायकल हातात धरावी लागेल, तेथे ती हातात धरा, शर्यत नाही. न विचारता कुणाचे छायाचित्र घेऊ नका. मुलांना गोळ्या वाटू नका, त्यांच्याशी खेळा. कुणी भाकरी दिली तर नाही म्हणू नका, आणि भाकरीचे पैसे हातावर ठेवून तिचा अपमान करू नका. आणि कुणी विचारले, 'रस्ता कुठपर्यंत आला?' तर खरे काय ते सांगा. जेथे डांबर संपले त्या जागेचे नाव नीट लक्षात ठेवा. परत आल्यावर ते मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगायचे आहे.